फुई विसर्जित होत नाही

द्रौपदाबाई बैसाणे दोंडाईचाहून जळगावला भावाकडे आल्या त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी, आठ दिवसांच्या बोलीवर. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, काळा चष्मा चढला, डॉक्टरांनी "आजी, आता इकडे फिरकू नका" असं हसत सांगितलं. भरिताच्या वांग्यांचा मोसम आला आणि गेला, रस्त्यावर कलिंगडाच्या गाड्या दिसू लागल्या, तरी द्रौपदाबाई भावजयीच्या ओट्यापाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत उभ्याच होत्या. परतीचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. भाचीनंही तो काढला नाही, फक्त लिहून ठेवला, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

भाची म्हणजे प्रज्ञा बन्सीलाल सुरवाडे. राज्यसेवेच्या परीक्षेला बसणारी, हुशार, कष्टाळू, आणि नोट्स काढण्याच्या बाबतीत मात्र साफ वाया गेलेली मुलगी. राज्यघटनेचं पुस्तक पाचशे पानांचं होतं. तिनं त्याच्या नोट्स काढल्या त्या सहाशे पानांच्या झाल्या. महत्त्वाचं पिवळ्या रंगात, फार महत्त्वाचं गुलाबीत, हमखास येणारं हिरव्यात, असं करता करता अख्खं पान रंगपंचमीला खेळून आल्यासारखं दिसायचं. मग न रंगवलेल्या दोन-चार ओळीच तेवढ्या डोळ्यांत भरायच्या, आणि परीक्षेत नेमक्या त्याच आठवायच्या.

क्लासच्या सरांनी ते बाड हातात घेऊन वजन पाहिलं.

"प्रज्ञा, हे नोट्स नाहीत. हे पुस्तकाला जुळं झालंय."

"सर, काहीच सोडावंसं वाटत नाही."

"तेच तर. नोट्स म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. आणि आपल्याला जे आधीच पाठ आहे, त्याच्या दावणीला नवीन गोष्ट बांधायची. मग ती कुठं पळत नाही."

प्रज्ञा घरी येऊन विचार करत बसली. आपल्याला आधीच काय पाठ आहे? तिनं मान वर केली. समोर पप्पा उशीवर उशी ठेवून पेपर वाचत होते. आतून मम्मीचा आवाज येत होता, त्याच्यावर फुईचा आवाज येत होता. खान्देशात आत्याला फुई म्हणतात, आणि फुईचा आवाज नेहमी वरच्या पट्टीत असतो. प्रज्ञाच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तिनं कोरी वही घेतली, पहिल्या पानावर नुसतं "हरवल्यास संपर्क" आणि आपला मोबाइल नंबर लिहिला, आणि दुसऱ्या पानापासून भारताचा राज्यकारभार आपल्या घरात आणून बसवला.

राष्ट्रपती म्हणजे पप्पा. घर त्यांच्या नावावर, दारावर पाटी त्यांची, सगळे निर्णय त्यांच्या नावानं. पण चालायचं मम्मीच्या सल्ल्यानं. एकदा "पुन्हा विचार कर" म्हणू शकतात. मम्मीनं तेच परत पाठवलं की सही करावीच लागते. लोकसभा म्हणजे मम्मी. धनविधेयक फक्त तिथंच मांडायचं. पॉकेट व्हेटो म्हणजे पप्पांच्या शर्टाचा खिसा. लाईट बिल त्यात गेलं की नाकारलं असंही नाही, मंजूर असंही नाही. संयुक्त बैठक म्हणजे मम्मी आणि फुई एकाच वेळी ओट्यापाशी. वाद कितीही होवो, शेवटी पारडं लोकसभेकडेच झुकतं.

आणि राज्यसभेच्या पानावर तिनं लिहिलं: "राज्यसभा = फुई. ज्येष्ठांचं सभागृह. अनुच्छेद ८३: फुई कायमस्वरूपी असते. आठ दिवसांसाठी डोळ्याच्या ऑपरेशनला आली तरी कायमस्वरूपीच. फुई कधीही विसर्जित होत नाही. धनविधेयकावर (भाजी कितीची आणायची) फुई फक्त शिफारस करते, लोकसभा ती ऐकत नाही." खाली एक चौकट, चौकटीत काळा चष्मा घातलेलं छोटं चित्र.

चमत्कार झाला. पुढच्या सराव परीक्षेत राज्यघटनेचा एकही प्रश्न चुकला नाही. प्रश्न समोर आला की घरातलं माणूस बोलू लागायचं. पूर्वपरीक्षा महिन्यावर आलेली, आणि प्रज्ञाला तीन वर्षांत पहिल्यांदा वाटू लागलं की या खेपेला जमेल.

आता खरं सांगायचं तर हे जमत होतं त्याला आणखी एक कारण होतं, ते वहीत नव्हतं. फुई आल्यापासून प्रज्ञाला पोळ्या लाटायला कोणी उठवलं नव्हतं. तिच्या वाटणीचं काम फुईनं न विचारता आपल्याकडे घेतलं होतं. शेजारची एखादी बाई गप्पा मारायला आली की फुई दारातच आडवी यायची. "पोर अभ्यास करी ऱ्हायनी. कलेक्टर व्हई तवय या पेढा खावाले." दुपारी न मागता चहा यायचा. प्रज्ञाचा फुईवर जीव होता, लहानपणापासून होता. पण जिवाला अनुच्छेद नसतो, म्हणून ते लिहायचं राहून गेलं.

मम्मीचं, म्हणजे लताबाईंचं, जरा वेगळं चालू होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा तीनदा जागा बदलतो म्हटल्यावर कोणाचंही डोकं फिरतं. त्या अधूनमधून प्रज्ञाच्या खोलीत येऊन दबक्या आवाजात म्हणायच्या, "अक्कांना सहज विचार ना, सुरत पॅसेंजरचं तिकीट काढायचं का म्हणून. मी विचारलं तर वाईट दिसतं."

"मी विचारलं तर?"

"तू लहान आहेस. तुझं खपून जातं."

प्रज्ञानं विचारलं नाही. मात्र त्याच आठवड्यात अभ्यासिकेतल्या महेकनं तिच्याकडे वही मागितली.

"एक दिवस दे ना. माझं ते राज्यसभा-लोकसभा नुसतं एकात एक होऊन राहिलं आहे. मामूंच्या दुकानात एक झेरॉक्स काढते आणि उद्या परत."

महेकचे मामू अतिकभाई, अभ्यासिकेच्या खालीच त्यांचं झेरॉक्सचं दुकान. वही दुसऱ्या दिवशी खरंच परत आली, कोपरा न दुमडता. प्रज्ञा तो विषय विसरूनही गेली.

पुढच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन येऊ लागले. एका पोरानं अदबीनं विचारलं, "मॅडम, मम्मी मुदतीआधी बरखास्त होऊ शकते का?" प्रज्ञानं राँग नंबर म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या एका मुलीला पप्पांवरच्या महाभियोगाची पद्धत हवी होती. हा काहीतरी चावटपणा असावा असं वाटून प्रज्ञानं फोन आवाज बंद करून ठेवला. खरा प्रकार कळला तो राष्ट्रपतींच्या तोंडून.

बन्सीलाल रेल्वेत होते, रोज जळगाव ते भुसावळ अप-डाऊन करायचे. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि खुशीत सांगू लागले.

"आज गाडीत एक पोरगा शेजारी बसून वाचून राहिला होता. राष्ट्रपतीचा धडा. मी आपली मान घातली. तर त्यात कोणा एका माणसाचं वर्णन. घर त्याच्या नावावर, दारावर पाटी त्याची, पण करतो काय? बायको सांगेल तिथं सही. इतका बिनकामाचा माणूस मी कागदावर कधी पाहिला नाही."

प्रज्ञाचा घास हातातच राहिला. "मग?"

"मग काय. मी त्या पोराला म्हटलं, असतात बाबा असे लोक. आमच्या ऑफिसात पण आहेत दोन."

"लाईट बिल भरलं का?" लताबाईंनी विचारलं.

बन्सीलालांनी शर्टाचा खिसा चाचपला आणि चेहरा पाडला. "अरे, राहिलंच. त्या माणसाचं पण खिशाचं काहीतरी होतं त्यात. पण तेवढ्यात जळगाव आलं."

द्रौपदाबाई कधी नव्हे त्या गप्प होत्या. त्यांनी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि हात धुवायला उठल्या. प्रज्ञाचं तिकडे लक्ष नव्हतं. तिचं सगळं लक्ष त्या पोराच्या हातात आपली वही कशी गेली याच्याकडे लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तडक अतिकभाईंच्या दुकानात गेली. काउंटरवरच गठ्ठा होता. स्पायरल बाइंडिंग, वर निळा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत "फुईवाल्या नोट्स".

"अतिकमामू, हे काय?"

"तूच का ती? महेक बोलली होती. ये बेटा, बस. चहा सांगतो." अतिकभाईंचा चेहरा फुलला. "एक पोरगा तुझी झेरॉक्स निघताना बघत उभा राहिला, बोलला मला पण एक काढा. मग त्याचा दोस्त. मग रोज पोरं यायला लागली, फुईवाले नोट्स द्या म्हणून. मी जादा एक पैसा लावला नाही हां. झेरॉक्सचा रेट तोच."

"किती गेल्या?"

"मोजल्या नाहीत. टोनर दोनदा बदललं." त्यांनी हिशेब तिथंच संपवला. "धुळ्याच्या एका क्लासचा माणूस तर गठ्ठाच घेऊन गेला."

"मामू, त्यात माझ्या घरचे लोक आहेत. खरे."

अतिकभाईंच्या हातातला चहाचा ग्लास थांबला. "खरे? मी समजलो क्लासवाल्यांनी शिकवायला बनवलेली फॅमिली आहे." त्यांनी हळूच तो गठ्ठा उचलला आणि कोणाच्या नजरेला पडू नये असा काउंटरखाली पालथा ठेवला. भला माणूस, मनापासून ओशाळला होता. "माझ्याकडून चूक झाली बेटा. आता एक पण कॉपी काढणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "फक्त एक सांग. महेकची मामी, आमची रईसा, रोज जेवण झाल्यावर दोन पानं वाचते, तिला टीव्हीपेक्षा आवडतं. ती विचारत होती, फुई जाते का शेवटी?"

प्रज्ञा पायऱ्या उतरली. अजून सगळं बिघडलं नव्हतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पप्पांना पप्पा ओळखू आले नाहीत. मम्मी घरातून अभ्यासिकेपर्यंत येत नाही. आणि फुईचा डोळा आता चांगला झाला असला तरी झेरॉक्सची बारीक अक्षरं काही ती वाचत बसायची नाही. इतकं ती रस्त्यात ठरवते न ठरवते तोच फोन थरथरला. आकाशचा होता. आकाश म्हणजे फुईचा मुलगा, धुळ्याला खोली करून याच परीक्षेची तयारी करणारा.

"ताई," आकाशचा आवाज गोंधळलेला होता, "मी तर त्या नोट्सवाल्या मॅडमला फोन लावला. पहिल्या पानावर नंबर होता ना, तो दाबला, तर मोबाइलवर तुझंच नाव उठलं."

प्रज्ञा बंद दुकानाच्या ओट्यावर खाली बसली. "कशाला लावला होता?"

"डाउट होता. आमच्या क्लासमध्ये तेच मटेरियल चालू आहे. काल सरांनी फुई शिकवली."

"काय शिकवलं?"

"फुई. एफ, यू, आय."

सर मूळचे साताऱ्याकडचे होते. फुई हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पण वर्गासमोर उभं राहून "मला माहीत नाही" म्हणणं हे कोणत्याच सरांना शोभत नाही. राज्यसभा राज्यांचं हित पाहते, एवढा धागा धरून त्यांनी फळ्यावर ठणठणीत लिहिलं: फेडरल युनिट्स इंटरेस्ट. खाली दोन रेघा ओढल्या, आणि ही परीक्षेच्या दृष्टीनं अत्यंत महत्त्वाची संज्ञा आहे असं बजावलं.

"आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत? निम्मा वर्ग शिंदखेड्याचा, साक्रीचा असेल. प्रत्येकाच्या घरी एक फुई आहे."

"आहे ना. पण फळ्यावर इंग्रजीत आल्यावर आम्हाला वाटलं, ही दुसरी असेल." आकाश पुढं म्हणाला, "आता तुझं नाव दिसलं म्हणून कळलं. ताई, ही तर माझी आई आहे ना? डोळ्याचं ऑपरेशन, काळा चष्मा, सगळं तिचंच."

"आकाश, हे तुझ्यामाझ्यात राहू दे. फुईला कळायला नको."

"ताई, ती मला रोज संध्याकाळी फोन करून विचारते ना, काय शिकाडं रे आज. काल दिवेलागणीला मी तिला ते पूर्ण पान वाचून दाखवलं. मला वाटलं राज्यसभा आहे." तो अगदी रडवेला झाला होता. "ती मधेच म्हणाली, परत वाच. मी दोनदा वाचलं."

प्रज्ञानं रिक्षा केली. अर्धी भाकरी, कालची शांतता, सगळं आता जागच्या जागी बसत होतं. तीन वर्षांत इतक्या ठिकाणी नापास झाली होती, पण इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

घरात शिरली तेव्हा द्रौपदाबाई पलंगावर बसून लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. शेजारी तीन पिशव्या भरून तयार होत्या. बन्सीलालांची आज सुट्टी होती. ते दाराच्या चौकटीत उभे होते, दोन्ही बाजूंना बघत. लताबाई ओट्यापाशी पाठ करून भांडी आवरत होत्या, आणि आवरलेली भांडी पुन्हा आवरत होत्या.

"अक्का, अशी एकदम काय निघाली?" बन्सीलाल म्हणाले. "राहा ना. का गं लता, राहू दे ना?"

"डोळा बरा व्हई गया मना," द्रौपदाबाई कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "आते जास मी घर. पॅसेंजर सापडी माले. फक्त मना चष्मा कोठे गया तो दिसत नही. उनमा त्याबिगर जाता येत नही."

"चष्मा मी पण शोधून राहिले अक्का," लताबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सापडतच नाही मेला."

प्रज्ञाला ओट्याची कड दिसत होती. पिठाच्या डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, आणि फटीतून काळ्या चष्म्याची दांडी बाहेर आली होती. मम्मीनं तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि कोपरानं झाकण दाबलं. इतके दिवस तिकिटाची वाट बघणाऱ्या लोकसभेनं ऐन वेळी असं काही करावं, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

प्रज्ञा फुईच्या पायाशी जमिनीवर बसली. "फुई, मी चुकले."

"काय चुकनी तू? खरंच लिखं." द्रौपदाबाईंनी घडी मोडून पुन्हा घातली. "गणपती बी अकरा दिवसमा जास. मी काय जात नही, आसंच ना? मना पोऱ्यानीच वाची दाखाडं माले. वर म्हणस, आई, परीक्षाले हमखास येस."

"कोण जात नाही? कसली परीक्षा?" बन्सीलालांनी विचारलं. मग प्रज्ञानं सगळं सांगितलं, वही, झेरॉक्स, धुळे. सांगता सांगता ती राष्ट्रपतींपाशी आली तेव्हा बन्सीलालांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

"म्हणजे गाडीतला तो माणूस..." ते म्हणाले, आणि स्टुलावर बसले. लताबाईंनी त्यांना पाणी दिलं.

"तू सांग व पोरी," द्रौपदाबाई म्हणाल्या. आवाज आता चढा नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "दोंडाईचाले घर शे मनं. पण मानूस नही शे. तुना फुवा गयात, पोऱ्या धुळाले. सांजले दिवा लायीसन कोनसंगे बोलू? आठे बोलनारं कोनी तरी शे म्हनीसन ऱ्हायनी. तुमले जड व्हसू हाई मना ध्यानमा उनं नही."

प्रज्ञाला रडू आलं. आणि रडता रडता, तीन वर्षांच्या सवयीनं, ती मुद्दा मांडू लागली.

"फुई, राज्यसभा विसर्जित होत नाही ते ती चिकट असते म्हणून नाही. लोकसभा जाते, सरकारं पडतात, निवडणुका लागतात. तेव्हा देशाचं घर उघडं पडू नये म्हणून एक सभागृह कायम ठेवलंय. कोणीतरी घरात असावं लागतं. तू आहेस म्हणून मी दार लावून बसते. तू आहेस म्हणून मला चहा मिळतो, कोणी उठवत नाही. तू गेलीस तर मी पास होणार नाही, आणि झाले तरी मला बरं वाटणार नाही."

द्रौपदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "मंग हाई काब्र नही लिखं?"

"परीक्षेत विचारत नाहीत म्हणून."

द्रौपदाबाईंनी पदरानं आधी भाचीचे आणि मग आपले डोळे पुसले, ऑपरेशनचा डोळा जपून. मग त्यांनी वही आणायला लावली.

"बठ्ठं वाच. राज्यसभानं जेवढं शे तेवढं."

प्रज्ञानं वाचलं. द्रौपदाबाई वकिलासमोर बसल्यासारख्या ऐकत होत्या.

"लोकसभाले कोन बरखास्त करस?"

"राष्ट्रपती. पंतप्रधानांच्या सल्ल्यानं."

द्रौपदाबाईंनी स्टुलावर बसलेल्या भावाकडे पाहिलं. "आन राज्यसभाले?"

"कोणीच नाही करू शकत."

"राष्ट्रपती बी नही?"

"नाही. फक्त दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. बाकीचे तिथंच राहतात."

द्रौपदाबाईंनी तीन पिशव्यांकडे पाहिलं, थोडा वेळ मनाशी काहीतरी ठरवलं, आणि त्यातली पापड-कुरडयांची पिशवी उचलून भावाच्या मांडीवर ठेवली.

"हाई आकाशले धाडी दे धुळाले. एक तृतीयांश." उरलेल्या दोन त्यांनी पायानं पलंगाखाली सारल्या.

बन्सीलाल पिशवी धरून हो म्हणाले. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन वाजला. अनोळखी नंबर. ती कापायला गेली, पण द्रौपदाबाईंनी हात पुढं केला. "दे. मनाच नोट्स शेत."

"नमस्कार मॅडम," फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "मी धुळ्याहून बोलतोय, इथं क्लास चालवतो. तुमचं काम अप्रतिम आहे. मी एक तक्ता करतोय, घटनेतली कोणती तरतूद कुठून घेतली त्याचा. मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून. तर ही फुई नेमकी कुठून आली?"

"दोंडाईचाथीन," द्रौपदाबाई म्हणाल्या.

पलीकडे पेन कागदावर टेकल्याचं जाणवलं. "दोन-डाइ-चा. जपान का मॅडम? बरं. आणि तात्पुरती की कायमस्वरूपी? इथं पोरांत वाद आहे."

हे मात्र द्रौपदाबाईंना एकट्यानं सांगता येईना. त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. लताबाईंनी पिठाचा डबा उघडला, चष्मा काढून पदरानं पुसला आणि नणंदेच्या हातात दिला.

"कायमची म्हणून सांगा अक्का," त्या म्हणाल्या. "आणि फोन ठेवा आता. भाकरी थापायच्या आहेत, आणि मीठ तुम्ही कुठं ठेवलंय ते मला सापडत नाहीये."